पनवेलमधून कार रेसिंग सुरू करायचंय? गाडी सगळ्यात शेवटी घ्या!

पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात ‘शर्यत’ म्हटलं की डोळ्यांसमोर आधी बैलगाडा येतो. मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून तर मैदानं पुन्हा फुलली आहेत. पण याच पट्ट्यातल्या विशी-पंचविशीच्या पोरांच्या फोनमध्ये डोकावलं तर दुसरीच शर्यत दिसते. सस्पेन्शन खाली केलेली स्विफ्ट, एक्झॉस्टचा फटाफट आवाज, रात्रीचा रिकामा रस्ता आणि स्पीडोमीटरवर रोखलेला कॅमेरा.

त्या रीलखालच्या कमेंट्समध्ये एक प्रश्न हमखास असतो: “भाऊ, खरी रेसिंग करायची असेल तर किती खर्च येतो?” त्यावर कुणी “दोन किडन्या” लिहितं, कुणी “बापाला विचार”, आणि विषय संपतो.

खरं उत्तर जरा मोठं आहे. कार रेसिंग स्वस्त नाहीच. पण ती सुरू करायला लागणारी रक्कम लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी आहे, आणि ती टिकवायला लागणारी रक्कम वाटते त्यापेक्षा बरीच जास्त. बहुतेकांचे पैसे बुडतात ते सुरुवात चुकीच्या टोकाकडून केल्यामुळे. म्हणजे आधी गाडी घेतली, तिच्यावर दोन-तीन लाख ओतले, आणि मग शोधायला निघाले की ही चालवायची कुठे?

आधी ‘फुकट’वाल्या रेसचा हिशोब

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे कळंबोलीत सुरू होतो, म्हणजे पनवेलकरांच्या अगदी दारात. एका बाजूला पाम बीच रोड आहे, आणि जानेवारी 2024 पासून अटल सेतूही हाताशी आला. रस्ते इतके गुळगुळीत असताना ट्रॅकला पैसे कशाला मोजायचे, असं वाटणं स्वाभाविक आहे.

तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189 पाहा. सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रेस किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गाडीत केलेले बेकायदा बदल याच्या वर वेगळे मोजले जातात. कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द दोनदा वाचावेत असे आहेत.

गाडी अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात असेल तर पालक किंवा गाडीमालक थेट आत येतो. कलम 199अ मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे. त्या मुलाला मग वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्सही मिळत नाही.

पण खरा आकडा दंडाचा नाहीच, तो इन्शुरन्सचा आहे. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो, जो कुणी वाचत नाही. संघटित रेसिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे सगळं त्यात पॉलिसीबाहेर काढलेलं असतं. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर एक प्रकरण आलं होतं. स्वतःच्याच भरधाव, निष्काळजी ड्रायव्हिंगमुळे गेलेल्या एका माणसाच्या कुटुंबाने 80 लाखांची भरपाई मागितली होती. कर्नाटक हायकोर्टाने ती नाकारली होती आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हस्तक्षेप केला नाही. चूक चालवणाऱ्याची स्वतःचीच असेल तर त्याच्या वारसांना तशी भरपाई मागता येत नाही, असा त्याचा अर्थ. आणि हे फक्त चालवणाऱ्यापुरतं झालं. समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने या रेसमध्ये नाव नोंदवलेलं नसतं.

मग कायदेशीर रेसिंग चालते कुठे?

भारतात मोटारस्पोर्टचा कारभार ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ म्हणजेच एफएमएससीआय बघते. जागतिक पातळीवरच्या एफआयए या संस्थेशी ती संलग्न आहे. स्पर्धेत उतरायला आरटीओचं लायसन्स पुरत नाही, एफएमएससीआयचं कॉम्पिटिशन लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि सर्किट रेसिंगसाठी आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्यावं लागतं. या लायसन्सची फी हा संपूर्ण हिशोबातला सगळ्यात किरकोळ खर्च आहे, त्यामुळे तिथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

अडचण आहे ती भूगोलाची. राष्ट्रीय कार रेसिंगच्या फेऱ्या वर्षानुवर्षं प्रामुख्याने दोनच शहरांत होत आल्या आहेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास ट्रॅक साधारण 3.7 किलोमीटरचा आहे, तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट मोठा आहे, 2011 ते 2013 या काळात तिथे फॉर्म्युला वन झाली, पण नवख्या माणसाचं रेसिंग दक्षिणेतच घडतं.

गंमत अशी की पनवेलमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू करत थेट त्या इरुंगट्टुकोट्टईच्या दारावरून चेन्नईत जातो. रस्ता तोच. फक्त मध्ये 1,300 किलोमीटर आहेत.

हे 1,300 किलोमीटर म्हणजे पनवेलकराच्या रेसिंग बजेटमधला सगळ्यात दुर्लक्षित आकडा. नुसतं इंधन बघा. गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये लिटर आहे असं धरलं, तर एका बाजूला साधारण 87 लिटर, म्हणजे 9,100 रुपये. जाऊन-येऊन 18,200. सीझनमध्ये चार फेऱ्या असतील तर जवळपास 73,000 रुपये, आणि यात टोल, लॉज, जेवण, सुट्ट्या काहीच धरलेलं नाही. शिवाय हे झालं चालू नोंदणीच्या गाडीचं. पूर्ण रेससाठी तयार केलेली गाडी, जिच्यात मागची सीट नाही, एअरबॅग नाही आणि नोंदणीही शिल्लक नाही, ती रस्त्यावर चालवताच येत नाही. ती ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर चढवून न्यावी लागते. कळंबोलीत ट्रक टर्मिनल असल्याने वाहतूकदार मिळतात, पण रेसची तारीख आणि ट्रकवाल्याची सोय यांचं जमेलच असं नाही.

म्हणूनच या खेळात असलेले लोक एक साधी गोष्ट करतात. गाडी दक्षिणेत ठेवतात आणि स्वतः ट्रेनने किंवा विमानाने जातात. पुढे बघू तसं, बहुतेकांना तर गाडी घ्यायचीच गरज पडत नाही.

मिनिटाचा भाव काढा

स्वस्त काय आणि महाग काय हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. एकूण खर्चाला प्रत्यक्ष ट्रॅकवर मिळालेल्या मिनिटांनी भागा.

समजा भाड्याच्या गो-कार्टला 8 मिनिटांचे 500 रुपये पडले. मिनिटाला साधारण 60 रुपये झाले. आता समजा एखाद्या टीमकडे एका रेस वीकेंडची सीट दीड लाखाला मिळाली. मद्रास ट्रॅकवर नवख्यांच्या गाड्यांना एका लॅपला साधारण दोन मिनिटं लागतात. प्रॅक्टिस, क्वालिफाइंग आणि दोन-तीन छोट्या रेस धरून वीकेंडला 100 मिनिटं मिळाली, तर मिनिटाचा भाव 1,500 रुपये. म्हणजे कार्टच्या 25 पट. दोन्हीकडे ब्रेक कुठे मारायचा, वळणाचं टोक कुठे गाठायचं आणि घाबरल्यावर पाय कुठे जातो हे मात्र तेच शिकायचं असतं. मग ते 60 रुपयांत शिकावं की 1,500 रुपयांत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जगातले जवळपास सगळे रेसर कार्टिंगमधून येतात ते याच कारणाने. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 मध्ये फोर्स इंडियाच्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ शोधातून पुढे आला तो कार्टमध्येच. डिसेंबर 2020 मध्ये साखिरला फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

पण पनवेलकरांसाठी जवळचं नाव जेहानचं नाही, कोल्हापूरचं आहे. कुस्ती आणि फुटबॉलच्या या शहरात मोहितेज रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. कोल्हापूरच्या ध्रुव मोहितेने 2018 मध्ये फोक्सवॅगनचा अमिओ कप जिंकला, तर कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. जिथे ट्रॅक असतो तिथे रेसर तयार होतात, याला यापेक्षा चांगला पुरावा नको. पनवेलहून कोल्हापूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघालं तर एका वीकेंडमध्ये जमतं.

मुंबई, नवी मुंबई, पुण्यातही भाड्याचे कार्ट ट्रॅक असतात, पण ते उघडतात आणि बंद होतात. जमिनीचे भाव असे की जिथे कार्ट फिरतात तिथे दोन वर्षांनी टॉवर उभा राहतो. त्यामुळे निघण्याआधी फोन करून खात्री करावी.

एक इशारा. मॉलमधल्या कार्टवर एक चक्कर मारणं म्हणजे कार्टिंग नव्हे. महिनाभर एकाच ट्रॅकवर, शक्यतो एकाच प्रकारच्या कार्टवर जाऊन आपल्या लॅपच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या, तर सुधारणा होतेय की नाही ते कळतं. सलग दहा लॅप अर्ध्या सेकंदाच्या फरकात येऊ लागले की पुढचा विचार करावा. एखादा लॅप भन्नाट आणि बाकी नऊ विस्कळीत असतील, तर अजून 60 रुपयांच्या मिनिटालाच थांबलेलं बरं. स्पर्धेचा 125 सीसीचा टू-स्ट्रोक रोटॅक्स कार्ट हे मात्र वेगळं प्रकरण आहे. स्वतःचा घ्यायचा तर खर्च लाखांत जातो आणि पहिल्या दिवशी बरगड्या दुखतात ते वेगळंच.

स्वतःच्या रोजच्या गाडीत काय करता येतं?

इथे बऱ्याच जणांना माहीत नसलेला प्रकार येतो, टीएसडी रॅली. टाइम, स्पीड, डिस्टन्स. ही वेगाची रेस नाही, अचूकतेची आहे. आयोजक एक रोडबुक देतात, त्यात वळणांच्या खुणा आणि प्रत्येक टप्प्याचा ठरलेला सरासरी वेग असतो. 12 किलोमीटरचा टप्पा ताशी 36 च्या सरासरीने करायचा असेल, तर तो बरोबर 20 मिनिटांत झाला पाहिजे. उशीर झाला तर पेनल्टी, लवकर पोहोचलात तरी पेनल्टी, आणि अनेक रॅलींमध्ये लवकर पोहोचण्याची पेनल्टी जास्त असते. शेजारी बसलेला नेव्हिगेटर गणितात पक्का नसेल तर सगळं मुसळ केरात.

यासाठी लागतं ते साधंच. चालू नोंदणी, लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स असलेली कुठलीही गाडी, दोन माणसं आणि काही हजारांची प्रवेश फी. मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची ‘रॅली टू द व्हॅली’ याच प्रकारातली. मुंबईहून निघून घाट चढून अँबी व्हॅलीपर्यंत जाणारी ही रॅली अनेक जणींसाठी मोटारस्पोर्टची पहिली पायरी ठरली आहे.

दुसरा प्रकार ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर कोन लावून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि एका वेळी एकच गाडी घड्याळाविरुद्ध धावते. दुसऱ्या गाडीला धडकण्याचा प्रश्नच येत नाही, कोन उडाला तर वेळेत सेकंद वाढतात, एवढंच. गाडीवरचा ताबा यात जितका शिकायला मिळतो तितका सरळ रस्त्यावर वर्षभर गाडी पळवून मिळत नाही. खर्च टायर आणि क्लचचा, शिवाय सस्पेन्शनला बसलेले दणके.

आणि तिसरा ड्रॅग. पनवेलहून साधारण 70 किलोमीटरवर, अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरणाऱ्या ‘व्हॅली रन’चं 2010 च्या दशकात मोठं नाव झालं. पाव मैल म्हणजे 402 मीटर सरळ पळायचं, इंजिनच्या आकारानुसार वर्ग. एक्सप्रेसवेवर हौस भागवणाऱ्यांसाठी हा सगळ्यात थेट कायदेशीर पर्याय आहे. फक्त मिनिटाचा भाव इथे विचारू नका. साध्या हॅचबॅकची एक धाव पंधरा-अठरा सेकंदांत संपते आणि बाकी दिवस उन्हात रांगेत जातो.

रोजची गाडी ट्रॅक-डेला नेण्याचाही पर्याय असतो. तिथे बदलावं लागतं ते इंजिन नव्हे, तर ब्रेक फ्लुइड. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं ताजं तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. पनवेलच्या चार महिन्यांच्या पावसात आणि बारमाही दमटपणात दोन-तीन वर्षं न बदललेलं तेल ट्रॅकवर पाचव्या लॅपला उकळतं. मग पेडल सरळ तळाला जातं. नवं तेल आणि चांगले ब्रेक पॅड हा काही हजारांचा खर्च आहे. त्याऐवजी 40 हजारांचा एक्झॉस्ट बसवून ट्रॅकवर पोहोचलेल्या गाड्याही असतात. त्यांचा आवाज पहिल्या वळणापर्यंत छान येतो.

सीट घ्यायची की गाडी?

कार्टिंग झालं, ऑटोक्रॉस झालं, तरी खाज जात नाही. आता सर्किट रेस करायचीच. इथे दोन रस्ते फुटतात.

पहिला म्हणजे एखाद्या टीमकडे सीट घेणं. इंग्रजीत याला ‘अराइव्ह अँड ड्राइव्ह’ म्हणतात, मराठीत सांगायचं तर हेल्मेट घेऊन या, बाकी आमचं. गाडी, मेकॅनिक, टायर, इंधन टीम बघते. भारतात यासाठी सगळ्यात रुळलेली गाडी म्हणजे एलजीबी फॉर्म्युला. सिंगल सीटर, उघडी चाकं, आणि आत चक्क मारुतीचं इंजिन. एकेकाळी घरासमोर उभ्या असणाऱ्या एस्टीमच्या 1.3 लिटर इंजिनावर देशातल्या रेसरांच्या कैक बॅच तयार झाल्या. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत नवख्यांसाठी वेगळा ‘नोव्हिस कप’ही असतो.

सीटचा एका फेरीचा खर्च लाखाच्या घरात जातो, पण करार करताना विचारायचा प्रश्न तो नाही. विचारायचं हे की धडक झाली तर कोण भरणार? बहुतेक करारांत नुकसान चालकाच्या माथी असतं आणि त्यासाठी डिपॉझिट आधीच घेतलेलं असतं. नाकाचा भाग तुटला, सस्पेन्शनचा दांडा वाकला, चाक गेलं, हे सगळं बिलात चढतं. चूक दुसऱ्याची असली तरी रेसिंगमध्ये साधारणपणे ज्याचं त्याने भरायचं असतं. त्यामुळे वर्षाला चार लाखांचं बजेट असेल तर चार लाखांच्या सीट घेऊ नयेत. किमान चौथा हिस्सा धडकेसाठी बाजूला ठेवावा, तीन फेऱ्या कराव्यात आणि चौथी सोडून द्यावी.

दुसरा रस्ता स्वतःची गाडी बनवण्याचा. जुनी एस्टीम, होंडा सिटी किंवा स्विफ्ट घ्यायची आणि टुरिंग कार वर्गात उतरायचं. ऐकायला हा स्वस्त वाटतो, कारण जुनी एस्टीम लाखाच्या आत मिळू शकते. अमेरिकेत 2006 पासून ‘24 अवर्स ऑफ लेमन्स’ नावाची भन्नाट मालिका चालते. तिचा नियमच असा की गाडी 500 डॉलरपेक्षा महाग नको. भंगारातल्या गाड्या, त्यावर कागदी शार्क नाही तर मोठ्ठा पिझ्झा चिकटवलेला, आणि तासन्‌तास रेस. ‘आपल्याकडे असं का नाही?’ हा प्रश्न त्याचे व्हिडिओ बघणारा प्रत्येक जण विचारतो.

पण त्या नियमातली बारीक ओळ महत्त्वाची आहे. 500 डॉलरच्या मर्यादेत सुरक्षेचं सामान मोजलंच जात नाही. रोल केज, सीट, बेल्ट, ब्रेक हे सगळं वेगळं, आणि त्याचा खर्च गाडीच्या कित्येक पट. स्वस्त रेसिंगची जगातली सगळ्यात गाजलेली स्पर्धासुद्धा या खर्चाला कात्री लावत नाही.

पनवेलमध्ये नेमका याच ठिकाणी घोळ होऊ शकतो. कळंबोलीत स्टील मार्केट आहे, आजूबाजूला वेल्डिंगची दुकानं आहेत, मग रोल केज इथेच वाकवून घेऊ, असं कुणालाही वाटेल. एफआयएच्या नियमानुसार केजला कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची नळी लागते, म्हणजे जिला लांबीला सांधा नाही अशी. मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यास आणि 2.5 मिलिमीटर जाडी, किंवा 50 बाय 2. गेट-ग्रिलचा सांधा असलेला पाइप दिसायला तसाच असतो. गाडी उलटली की तो सांध्यावर फाटतो आणि टोक आत येतं. रेसच्या आदल्या दिवशी स्क्रूटिनीत असा केज आढळला तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि 1,300 किलोमीटरचा ट्रेलरखर्च पाण्यात जातो. म्हणून केज ज्याने आधी मान्यताप्राप्त गाड्या बनवल्या आहेत त्याच्याकडूनच करून घ्यावा. असे लोक बहुतांशी चेन्नई, कोइम्बतूर, बेंगळुरूकडे आहेत. गाडी दक्षिणेतच ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

अंगावरचं सामान

दुचाकीचं आयएसआय हेल्मेट कार रेसमध्ये चालत नाही, कितीही महाग असलं तरी. कार रेसिंगच्या हेल्मेटचं आतलं अस्तर आग सहन करणारं असतं आणि केजवर एकाच जागी पुन्हा पुन्हा आदळलं तरी ते टिकलं पाहिजे, अशी त्याची चाचणी होते. दुचाकीच्या हेल्मेटची आगीची चाचणी होतच नाही. त्यासोबत आगरोधक सूट, आतले कपडे, ग्लोव्हज, शूज आणि धडकेत मान झटकू न देणारा हॅन्स. सगळं नवं आणि मान्यताप्राप्त घ्यायचं तर ढोबळमानाने दीड ते अडीच लाख धरावेत. प्रशिक्षण शाळा आणि काही टीम यातलं बरंच सामान भाड्याने देतात. पहिल्या वर्षी तेच शहाणपणाचं.

सेकंडहँड घेताना सूट एकवेळ घ्या, पण हेल्मेट कधीच नको. आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसतं. सीट आणि बेल्टवर एफआयएचं लेबल बघा. त्यांना औषधासारखी एक्स्पायरी असते, साधारण पाच वर्षांची. बेल्टवर तर ‘या वर्षानंतर वैध नाही’ असं छापलेलंच असतं. ऑनलाइन ‘रेसिंग हार्नेस’ म्हणून पाच-सहा हजारांत मिळणाऱ्या रंगीत पट्ट्यांवर असं लेबल नसेल, तर त्या फक्त शोभेच्या.

घरच्यांना काय सांगायचं?

हेल्थ पॉलिसीत ‘धोकादायक किंवा साहसी खेळ’ असं एक वगळणीचं कलम असतं. विमा नियामकाने ठरवलेल्या भाषेत ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांना लागू होतं आणि त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट आहे. हौशी माणूस त्यात बसत नाही असा युक्तिवाद करता येतो, पण तो हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर करायची वेळ येऊ नये. आपल्या कंपनीला आधीच ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. टर्म इन्शुरन्सच्या फॉर्मवरही या छंदाबद्दल प्रश्न असतो, तो लपवला तर पुढे क्लेम अडकू शकतो. रॅलीसाठी गाडीच्या पॉलिसीवर जादा प्रीमियम भरून वेगळं एंडोर्समेंट घेता येतं, आयोजकांना ते आधी विचारावं.

कॉलेजात असाल तर आणखी एक वाट आहे. फॉर्म्युला भारत, बाहा अशा स्पर्धांसाठी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात आणि चालवतातही. बाहा इंदूरजवळच्या पिथमपूरला गाजते, फॉर्म्युला भारत कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर भरली आहे. ज्या ट्रॅकवर जायला बाकीचे पैसे मोजतात, तिथे ही मुलं कॉलेजच्या आणि स्पॉन्सरच्या पैशांवर पोहोचतात. वर सस्पेन्शन कसं बनतं तेही शिकतात.

आणि खिशात काहीच नसेल, तर मार्शल व्हा. वळणावर झेंडे घेऊन उभे राहणारे, गाडी उलटली तर सगळ्यात आधी धावणारे हे लोक बहुतेक स्वयंसेवक असतात. क्लब त्यांना प्रशिक्षण देतात. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल म्हणजे रेस थांबली. हे पाठ होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिवसभर एकाच वळणावर उभं राहून चांगला ड्रायव्हर आणि बरा ड्रायव्हर ब्रेक कुठे मारतात यातला फरक काही फुटांवरून दिसतो. ते बघायला तिकीट लागत नाही. 2011 साली ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन आली, तेव्हा ट्रॅकवर उभ्या असलेल्या भारतीय मार्शलमध्ये चेन्नईच्या क्लबमध्ये याच कामात तयार झालेले स्वयंसेवकही होते.